मादी आणि कोवळा हमिंगबर्ड ओळखायचा कसा?

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी पक्षीप्रेमींचा हा नेहमीचा प्रश्न. डेकवर साखरपाण्याचा फीडर टांगलेला असतो. लखलखत्या गळ्याचा नर आला की पुस्तकातलं चित्र लगेच जुळतं. पण दिवसभर येणारे बहुतेक पक्षी हिरव्या पाठीचे, मळकट पांढऱ्या पोटाचे आणि कोऱ्या गळ्याचे असतात, आणि पुस्तकात त्यांची चित्रं एकाच साच्यातून काढल्यासारखी दिसतात. ही मादी आहे की यंदाचं पिल्लू, आणि जात कोणती?

आधी गळ्यावरून नजर काढा. हमिंगबर्डच्या गळ्याची चमक पिसांच्या सूक्ष्म रचनेतून येते, त्यामुळे प्रकाशाचा कोन बदलला की माणकासारखा लाल गळा ठार काळा दिसतो. ढगाळ सकाळी लाल गळ्याच्या रूबी-थ्रोटेड जातीचा प्रौढ नर ‘ब्लॅक-चिन्ड’ या काळ्या हनुवटीच्या जातीचा म्हणून नोंदला जातो तो यामुळेच. मादी आणि पिल्लांच्या बाबतीत तर गळ्यावर फारसं काही नसतंच, आणि जे ठिपके असतात ते वय-लिंग ठरवायला उपयोगी पडतात, जात ठरवायला कमी. जात ठरते ती पंखांतल्या पिसांची रुंदी, शेपटीची लांबी व रंग आणि चोच यांवरून. क्रम असा ठेवा: जागा आणि तारीख, मग गट, मग जात, आणि शेवटी वय-लिंग. एका जोडीत हा क्रम उलटा करावा लागतो, ते पुढे येईलच.

जागा आणि तारीख यांनी निम्मं काम होतं. मिसिसिपीच्या पूर्वेला नेमाने वीण करणारा हमिंगबर्ड एकच, रूबी-थ्रोटेड. न्यू जर्सीत जून-जुलैमध्ये दिसलेला कोऱ्या गळ्याचा पक्षी हाच धरून चालायला हरकत नाही, उरतो तो फक्त मादी की पिल्लू हा प्रश्न. टेक्सासमध्ये ऑस्टिनच्या आसपास पूर्वेचा रूबी-थ्रोटेड आणि पश्चिमेचा ब्लॅक-चिन्ड एकाच फीडरवर येतात, तिथे खरी कसोटी लागते. सॅन फ्रान्सिस्को बे एरियात ॲनाज जातीचा हमिंगबर्ड बारमाही असतो. ॲलन्स जानेवारीच्या अखेरीपासून यायला लागतो आणि उन्हाळ्यात निघून जातो. रूफस वसंतात उत्तरेकडे जाताना त्याच फुलांवर थांबतो. दक्षिण कॅलिफोर्नियात यांत कोस्टाजची भर पडते, आणि तिथे ॲलन्सची एक उपजात वर्षभर राहते. कोलोरॅडोच्या डोंगरात ब्रॉड-टेल्ड हा वीण करणारा, तर जुलैपासून दक्षिणेकडे निघालेले रूफस आणि कॅलिओपी त्याच्या फीडरवर हक्क सांगायला येतात.

आता गट. उत्तर अमेरिकेतल्या या नेहमीच्या छोट्या हमिंगबर्डचे तीन गट आहेत. आर्किलोकस गटात रूबी-थ्रोटेड आणि ब्लॅक-चिन्ड. कॅलिप्टी गटात ॲनाज आणि कोस्टाज. सेलॅस्फोरस गटात रूफस, ॲलन्स, ब्रॉड-टेल्ड आणि कॅलिओपी. पक्षी बसलेला असताना मिटलेला पंख बाजूने नीट बघा. पंखाच्या कडेची मोठी उड्डाणपिसं म्हणजे प्रायमरी दहा असतात. आतलं पहिलं, टोकाचं दहावं. आर्किलोकसमध्ये आतली सहा पिसं बाहेरच्या चारांपेक्षा ठळकपणे अरुंद असतात, म्हणजे सहाव्या आणि सातव्या पिसाच्या मध्ये रुंदीत पायरी दिसते. कॅलिप्टी आणि सेलॅस्फोरसमध्ये ही पायरी नसते, रुंदी आतून बाहेर हळूहळू बदलते. बसलेल्या पक्ष्याचा एक स्वच्छ फोटो मिळाला तर ही खूण स्क्रीनवर मोठी करून तपासता येते. पुस्तकातल्या दहा बारीकसारीक खुणांपेक्षा हिच्यावर मी जास्त भरवसा ठेवेन.

दुसरी गटखूण शेपटीच्या बुडाशी. सेलॅस्फोरसच्या माद्या आणि पिल्लांच्या बाहेरच्या शेपटीपिसांत तीन पट्टे असतात: बुडाशी तांबूस, मध्ये काळा, टोकाला पांढरा. आर्किलोकस आणि कॅलिप्टीत तांबूस रंग नसतो; बूड करडं-हिरवट, मग काळं, मग पांढरं टोक. इथे एक फसगत ठरलेली आहे. रूबी-थ्रोटेडच्या मादीच्या कुशीवर फिकट बदामी छटा असते, कोवळ्या पक्ष्यात ती आणखी गडद भासते, आणि संध्याकाळच्या उन्हात ती चक्क तांबूस दिसते. असे ‘रूफस’ दर ऑगस्टला नोंदले जातात. कुशीवरचा रंग हा संशय घेण्यापुरता पुरावा. शेपटीच्या बुडाशी तांबूस दिसल्याशिवाय सेलॅस्फोरस लिहू नका.

रूबी-थ्रोटेड आणि ब्लॅक-चिन्ड यांच्या माद्या वेगळ्या करणं हे टेक्सासवाल्यांचं दुखणं. टोकाचं दहावं प्रायमरी पीस हा सगळ्यात पक्का पुरावा. ब्लॅक-चिन्डमध्ये ते टोकाशी रुंद, बोथट आणि आत वळलेलं असतं. रूबी-थ्रोटेडमध्ये ते तुलनेने अरुंद, निमुळतं आणि सरळ. ब्लॅक-चिन्डचं डोकं, विशेषतः कपाळ, करडट आणि निस्तेज. रूबी-थ्रोटेडचं डोकं आणि पाठ सारख्याच उजळ हिरव्या. ब्लॅक-चिन्डची चोच लांब आणि किंचित खाली झुकलेली, पण नुकत्याच उडालेल्या पिल्लाची चोच पूर्ण वाढलेली नसते, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये चोचीच्या लांबीवरून निर्णय देऊ नका. बसलेल्या मादीत रूबी-थ्रोटेडची शेपटी पंखांच्या टोकांपुढे थोडी डोकावते, ब्लॅक-चिन्डमध्ये दोन्ही जवळपास बरोबरीत असतात.

वागण्यातली खूण शेपटी हलवण्याची. ब्लॅक-चिन्ड फुलापुढे तरंगताना शेपटी सतत वरखाली हलवतो, रूबी-थ्रोटेड ती बरीचशी स्थिर धरतो. पण फुलाजवळ येताना, वाऱ्यात तोल सावरताना किंवा दुसऱ्या पक्ष्यावर चाल करताना सगळेच शेपटी हलवतात. म्हणून पक्षी एका जागी निवांत तरंगत पीत असतानाच हे बघायचं, आणि तेही एकदा बघून भागत नाही. फीडरला बसायची दांडी असेल तर पक्षी तरंगतच नाहीत, मग ही खूण हातची जाते. ओळख हाच हेतू असेल तर काही दिवस बिनदांडीचा फीडर लावा, किंवा फुलांवर लक्ष ठेवा.

ॲनाज त्या मानाने सोपा. अंगाने भरलेला, चोच आखूड आणि सरळ, पोट स्वच्छ पांढरं नसून धुरकट, त्यावर हिरवट डाग. शेपटी पंखांच्या पुढे स्पष्ट येते आणि तरंगताना बरीचशी स्थिर असते. प्रौढ मादीच्या गळ्याच्या मधोमध बहुधा लाल ठिपक्यांचा पुंजका असतो. हा पुंजका बघून पुष्कळ जण तिला कोवळा नर ठरवतात. कोवळ्या नरात लाल पिसं गळ्यावर इकडेतिकडे विखुरलेली येतात, आणि मुख्य म्हणजे डोक्यावरही येतात, कारण ॲनाजच्या नराचं कपाळही लाल असतं. कपाळावर लाल ठिपका दिसला तर तो बहुतेक नरच. उलट, ॲनाजच्या कोवळ्या मादीचा गळा अगदी कोरा असू शकतो, आणि तिला कोस्टाज किंवा ब्लॅक-चिन्ड म्हणण्याची चूक कॅलिफोर्नियात फार होते. अशा वेळी पोटाची मळकट छटा आणि पंखातली पायरी नसणं, या दोन गोष्टी बघा.

कोस्टाज मादी लहानखुरी, आखूड शेपटीची. बसल्यावर पंखांची टोकं शेपटीच्या टोकाला भिडतात किंवा पुढे जातात. पोट ॲनाजपेक्षा स्वच्छ, चेहरा साधा, गालावर करडी छटा आणि डोळ्यामागे फिकट रेघ. तीही शेपटी हलवते, त्यामुळे ब्लॅक-चिन्डशी घोळ होतो. तो पंखाच्या पायरीने सुटतो. ॲनाज आणि कोस्टाज यांचे संकर कॅलिफोर्नियात होतात, हेही डोक्यात असू द्या. एखादा पक्षी दोन्हींच्या मधोमध दिसत असेल तर दोष तुमच्या नजरेचाच असेल असं नाही.

कॅलिओपी हा अमेरिका-कॅनडात वीण करणारा सगळ्यात छोटा पक्षी, वजन जेमतेम अडीच ग्रॅम. मादीची शेपटी इतकी आखूड की पंख तिच्या पुढे जातात. पोटावर पीचसारखी फिकट छटा, चोच बारीक आणि आखूड, आणि चोचीच्या बुडापाशी, तोंडाच्या कोपऱ्याच्या वर एक छोटी पांढरी रेघ. ब्रॉड-टेल्डची मादी याच्या उलट: शेपटी लांब आणि रुंद, तांबूस रंग असला तरी शेपटीच्या बाहेरच्या पिसांच्या बुडापुरता, गालावर बारीक ठिपके. रूफस आणि ॲलन्समध्ये तांबूस रंग कुशीवर आणि शेपटीत सढळ असतो.

रूफस की ॲलन्स, इथे मात्र क्रम उलटा करावा लागतो. शेपटीत दहा पिसं असतात, मध्याकडून बाहेर मोजली तर प्रत्येक बाजूला एक ते पाच. ॲलन्सचं सगळ्यात बाहेरचं पाचवं पीस रूफसपेक्षा अरुंद असतं. रूफसच्या दुसऱ्या पिसाला टोकाजवळ खाच असते. प्रौढ नरात ठळक, मादीत पुसट. पण ही तुलना एकाच वयाच्या आणि एकाच लिंगाच्या पक्ष्यांत करायची असते. कोवळ्या नराचं बाहेरचं पीस मादीपेक्षा अरुंद असतं, म्हणून रूफसचा कोवळा नर ॲलन्सच्या मादीच्या मापात सहज बसतो. आधी वय-लिंग, मग पिसाची रुंदी. फरक मिलिमीटरच्या भागांत असतो. शेपटी पूर्ण पसरलेला, समोरून किंवा मागून सरळ घेतलेला फोटो नसेल तर ‘रूफस/ॲलन्स’ एवढंच लिहावं. पक्षीनोंदींच्या ई-बर्ड या संकेतस्थळावर अशा जोडनोंदींची सोय मुद्दाम ठेवलेली आहे, तशीच ‘रूबी-थ्रोटेड/ब्लॅक-चिन्ड’चीही. ती वापरण्यात कमीपणा नाही. कोवळ्या पक्ष्याची पाठ हिरवी आहे म्हणून तो ॲलन्स, हा निष्कर्ष तर सरळ चूक: दोन्ही जातींच्या माद्या आणि पिल्लं हिरव्या पाठीचीच असतात, आणि रूफसच्या काही प्रौढ नरांची पाठही बरीच हिरवी असते.

वय आणि लिंग. नुकत्याच उडालेल्या पिल्लाच्या डोक्यावरच्या आणि पाठीवरच्या प्रत्येक हिरव्या पिसाला बदामी-फिकट कड असते, त्यामुळे पाठ खवल्याखवल्यांची दिसते. ही कड झिजत जाते, पण घरटं सोडल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यांत ती सगळ्यात सोपी खूण आहे. पिसांची अवस्था हे दुसरं साधन. पूर्वेकडे ऑगस्टमध्ये रूबी-थ्रोटेडची प्रौढ मादी थकलेली दिसते: पंखांची टोकं झिजलेली, हिरवा रंग फिका, कारण तिची पिसं बदलतात ती हिवाळी मुक्कामात. त्याच फीडरवरचं पिल्लू मात्र नव्याकोऱ्या पिसांचं, कडा अखंड. हा नियम ॲनाजला तसाच लावू नका. तो स्थलांतराला बांधलेला नाही. त्याची वीण कॅलिफोर्नियात डिसेंबरपासून सुरू होते, हिवाळा संपता संपता पिल्लं उडालेली असतात, आणि प्रौढांची पिसं उन्हाळ्यात-शरदात बदलतात. म्हणजे मार्चमध्ये दिसलेला खवलेदार पाठीचा ॲनाज हा त्याच वर्षीचा असतो.

चोचीवरची खूण सगळ्यात विश्वासार्ह, पण दुर्बिणीतून दिसत नाही. पिल्लाच्या वरच्या चोचीच्या बाजूला बारीक आडव्या-तिरप्या रेघा असतात, आणि काही महिन्यांत त्या झिजून चोच गुळगुळीत होते. पायात कडी घालणारे संशोधक भिंगाखाली हेच बघतात. चांगल्या लेन्सने जवळून काढलेल्या फोटोत कधीकधी त्या दिसतात. दिसल्या नाहीत म्हणून पक्षी प्रौढ, असं मात्र म्हणता येत नाही.

रूबी-थ्रोटेडमध्ये मादी आणि कोवळा नर वेगळे करताना गळा आणि शेपटी दोन्ही बघा. प्रौढ मादीचा गळा पांढरा किंवा अगदी पुसट करड्या ठिपक्यांचा. कोवळ्या नराच्या गळ्यावर काळपट ठिपक्यांच्या ठसठशीत ओळी असतात, आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्यांत एखाददुसरं लाल पीस उगवतं. पुसट रेघा कोवळ्या मादीलाही असतात, त्यामुळे नुसत्या रेघांवरून ‘नर’ लिहू नका. शेपटीच्या बाहेरच्या तीन पिसांना मादीत मोठी पांढरी टोकं, पिसांची टोकं गोलसर. कोवळ्या नरातही पांढरी टोकं असतात, पण लहान. शेपटी पूर्ण काळपट, दुभंगलेली आणि पांढऱ्याचा मागमूस नाही, तर तो प्रौढ नर, गळा कितीही काळा दिसो. रूफस आणि ॲलन्समध्ये गळ्याच्या मध्यावर तांबड्या-केशरी ठिपक्यांचा गट ही प्रौढ मादी. गळाभर दाट ठिपके, त्यांत तांबेरी चमकीची सुटी पिसं आणि कमरेवर तांबूस रंग ही कोवळ्या नराची लक्षणं.

वागण्यावरून लिंग ठरवण्याची एकच खात्रीची जागा आहे, ती म्हणजे घरटं. या सगळ्या जातींत घरटं बांधणं, दोन अंडी उबवणं आणि पिल्लांना भरवणं हे मादी एकटीच करते. घरट्यावर बसलेला किंवा पिल्लाच्या घशात चोच घालून भरवणारा पक्षी मादीच. फीडरवर दादागिरी करतो म्हणून तो नर, हे खरं नाही; माद्याही करतात, आणि ऑगस्टमध्ये सगळ्यात भांडखोर बहुधा कोवळेच असतात. उडायला लागल्यानंतरच्या पहिल्या दिवसांत पिल्लू ओळखू येतं ते त्याच्या अडाणीपणावरून: लाल क्लिप, फीडरचं झाकण, पान, जे दिसेल त्यात चोच खुपसून बघतं.

आवाजाची मदत घ्या. प्रौढ ब्रॉड-टेल्ड नर उडताना पंखांतून धातूसारखी किणकिण निघते, कारण त्याच्या टोकाच्या प्रायमरी पिसांचा आकार तसा असतो. मादी आणि कोवळ्या नरात तो आकार नसतो, म्हणून आवाजही नसतो. कोलोरॅडोत किणकिण ऐकू आली की तो प्रौढ नर, मान वर करायचीही गरज नाही. हाकांमध्ये ॲनाजची हाक कडक आणि टणक, ब्लॅक-चिन्डची मऊ, किंचित खाली घसरणारी, कोस्टाजची बारीक आणि उंच. हे कानाला एकदा बसलं की दक्षिण कॅलिफोर्नियात कोऱ्या गळ्याचे निम्मे पक्षी आवाजावरच सुटतात.

फसवणाऱ्या आणखी दोन गोष्टी. पहिली परागकण: फुलात डोकं घालणाऱ्या पक्ष्याचं कपाळ, हनुवटी किंवा चोचीचं बूड पिवळं होतं आणि लोक पुस्तकात पिवळ्या डोक्याची जात शोधत बसतात. दुसरी पिसं बदलण्याचा काळ. हमिंगबर्डची प्रायमरी पिसं आतून बाहेर बदलत जातात, पण शेवटी दहावं आधी आणि नववं सगळ्यात उशिरा येतं. या काळात पंखाचं टोक अर्धवट वाढलेलं असतं. तेव्हा पंख शेपटीपुढे जातो की नाही ही तुलना आणि दहाव्या पिसाचा आकार, दोन्ही खुणा बाद.

महाराष्ट्रात शिंजीर बघून डोळा तयार झालेल्यांना एक सवय सोडावी लागते. जांभळ्या शिंजीराचा नर विणीनंतर मादीसारखा पिवळट होतो आणि गळ्यावर फक्त गडद पट्टा उरतो. वर सांगितलेल्या हमिंगबर्डमध्ये असा मंद वेश नसतो. प्रौढ नर गळ्याचा रंग वर्षभर राखतो. म्हणून अर्धवट रंगलेला गळा दिसला तर तो बहुतेक वेळा पहिल्या वर्षाचा नर, किंवा ॲनाज-रूफससारख्या जातीची प्रौढ मादी. मध्य अमेरिकेत गेलात तर हाही नियम सैल होतो. तिथल्या व्हाइट-नेक्ड जॅकोबिनची सगळी पिल्लं नरासारखी निळी-पांढरी असतात आणि पनामात झालेल्या अभ्यासात साधारण पाचांतली एक प्रौढ मादीही तोच वेश ठेवताना आढळली. तिथे ‘चकचकीत म्हणजे नर’ हे गृहीतक घरीच ठेवून जा.

फोटो कसे हवेत? एक बाजूने, बसलेला पक्षी, मिटलेला पंख आणि शेपटीचं टोक एकाच फ्रेममध्ये. दुसरा शेपटी पसरलेला. पक्षी अंग झाडताना, पिसं साफ करताना किंवा दुसऱ्याला हुसकावताना शेपटी क्षणभर पंख्यासारखी उघडतो, तेव्हा कॅमेरा बर्स्टवर, म्हणजे एकापाठोपाठ फोटो घेण्यावर, धरून ठेवा. शटर १/२००० किंवा त्याहून वेगवान. तिसरा गळ्याचा, शक्यतो सावलीत, कारण उन्हात पांढरा गळा जळून जातो आणि पुसट रेघा नाहीशा होतात. फीडरच्या लाल प्लास्टिकची झाक पोटावर पडते, म्हणून रंग ठरवायला जवळच्या फांदीवर बसलेल्या पक्ष्याचा फोटो बरा. फीडरमध्ये एक भाग पांढरी साखर, चार भाग पाणी. लाल रंग, मध, गूळ काहीही नको. उन्हाळ्यात दर दोन-तीन दिवसांनी धुऊन नवं भरा. पक्षी हातात धरून पिसं मोजायचा मोह मात्र आवरा: अमेरिकेच्या १९१८च्या मायग्रेटरी बर्ड ट्रीटी ॲक्ट या कायद्यानुसार परवान्याशिवाय ते बेकायदा आहे, घरट्याला हात लावणंही.

आणि पूर्व किनाऱ्यावर राहत असाल तर ऑक्टोबरच्या मध्यानंतर फीडर उतरवू नका. फीडर ठेवल्याने स्थलांतर अडत नाही. पक्षी निघतात ते दिवसाच्या लांबीवर आणि शरीरातल्या घड्याळावर. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत रूबी-थ्रोटेड जवळपास सगळे गेलेले असतात, आणि त्यानंतर आलेला कोऱ्या गळ्याचा प्रत्येक पक्षी नीट तपासण्याजोगा असतो. न्यू जर्सीत नोव्हेंबरमध्ये असा पक्षी आला तर पहिला संशय रूफसच्या मादीचा किंवा पिल्लाचा घ्यावा, आणि पंखाच्याही आधी पसरलेल्या शेपटीचा फोटो मिळवावा.